बेचाळिसाव्या दिवसाच्या आधी

मी लॅब टेक्निशियन आहे. बारा-तेरा वर्षं झाली, लोकांचं रक्त काढते. लठ्ठ हातातली, म्हाताऱ्या हातातली, भीतीनं आत गेलेली शीर मला सापडते, आणि या एका गोष्टीचा मला गर्व होता. बुलढाण्यातल्या खासगी लॅबची नोकरी सोडून मी गरोदर बायांच्या त्या अभ्यासात गेले तेव्हा नवरा म्हणाला, "कंत्राटी काम आहे. दोन वर्षांनी काय करशील?" मी म्हटलं, दोन वर्षांनी पाहू.

अभ्यास एका मोठ्या शहरातल्या संस्थेचा होता. बाळंतपणानंतर काही बायांना उदासी घेरते, ती नुसती चार दिवसांची रडारड नसते, महिनोन् महिने हटत नाही. त्या आजाराची खूण गरोदरपणातच, रक्तात सापडते का, हे त्यांना पाहायचं होतं. आधीच कळलं तर आधीच सांभाळता येईल, असा साधा हिशोब. गरोदर बाईचं रक्त सहाव्या महिन्यात एकदा घ्यायचं, आठव्या महिन्यात पुन्हा घ्यायचं. दोन्ही वेळा टॅबलेटवर प्रश्नावली भरायची. मग बाळंतपणानंतर बेचाळिसाव्या दिवशी शेवटची भेट. माझ्या वाट्याला देऊळघाट आणि आजूबाजूची गावं आली होती.

मला हा अभ्यास आपला वाटायचा त्याचं कारण वेगळं होतं. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, साखरखेर्ड्याजवळच्या गावात. मुलगा चांगला तीन किलोचा, दूध भरपूर, टाके कोरडे. आणि मी दिवसभर खाटेवर बसून दाराच्या कडीकडे पाहत राहायची. बाळ रडलं की मला राग यायचा नाही, माया यायची नाही, काहीच यायचं नाही. आई डिंकाचा लाडू हातात द्यायची. संध्याकाळी तो तसाच ताटलीत परत ठेवलेला असायचा. आई म्हणायची, "आम्ही बाराव्या दिवशी चुलीपाशी बसलो. तुमच्या पिढीले आळसच लय." डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. सात-आठ महिन्यांनी ते हळूहळू सरलं. मी शिकलेली, दवाखान्यातच काम करणारी बाई, पण या गोष्टीला आजार म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं या कामाच्या प्रशिक्षणात. शिकवणाऱ्या बाईंनी प्रश्नावलीतले दहा प्रश्न वाचून दाखवले. गेल्या सात दिवसांतलं हसू, रडू, झोप, धास्ती, जीव नकोसा होणं. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वी नव्हती."

म्हणून मी या कामाला अगदी देवाच्या कामासारखी भिडले. आणि म्हणूनच पुढे जे झालं त्याचा संताप अजून जात नाही. त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

ती मला पहिल्यांदा भेटली आरोग्य केंद्रात, गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी. तेवीस वर्षांची, देऊळघाटचीच सून. नवऱ्याचं गेट-ग्रिलच्या वेल्डिंगचं दुकान. माहेर शेगावचं. तिथे तिच्या वडिलांचं चपलांचं दुकान आहे, मंदिराच्या रस्त्याला. बारावी सायन्स झालेली, फार्मसी करायची होती, तेवढ्यात लग्न झालं. सोबत सासू होती, साठीच्या पुढची, हातात पाण्याची बाटली आणि जुन्या कापडाची पिशवी.

बाकीच्या बाया रक्त द्यायला कुरकुर करायच्या. गावात कुणीतरी उठवून दिलं होतं की हे लोक रक्त नेऊन विकतात. या पोरीनं स्वतःहून हात पुढे केला आणि विचारलं, "जांभळ्या झाकणाच्या नळीत काय राह्यते ताई, अन् पिवळ्यात काय?" दोन वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती एकटी. मी तिला सगळं सांगितलं. जांभळ्यात रक्त गोठत नाही, पिवळ्यातलं मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचं, ते बर्फाच्या डब्यातून बुलढाण्याला, तिथून फ्रीझरमध्ये. ती कान देऊन ऐकत होती.

मग प्रश्नावली. नियम असा, की प्रश्न विचारताना घरचं कुणी जवळ नको. सासूसमोर सून खरं बोलत नाही, हे आम्हाला प्रशिक्षणात दहा वेळा सांगितलं होतं. मी तिच्या सासूला म्हटलं, "खाला, तुम्ही जरा बाहेर बसा."

त्या उठल्या, पण दारात थांबल्या. "बेटा, मेरे को भी कुछ बताना था इसके बारे में."

"नंतर सांगा खाला. हा नियम आहे."

त्या बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. नंतर मी दुसऱ्या बाईचं रक्त काढायला लागले, आणि त्यांना विचारायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहिते आहे खरं. मला वाटलं होतं, सासू काय सांगणार, सुनेची तक्रारच सांगणार.

त्या दिवशी तिनं दहाही प्रश्नांना ठीकच उत्तरं दिली. टॅबलेट बंद केल्यावर मात्र ती म्हणाली, "ताई, एक गोष्ट यात विचारलीच नाई तुमी."

"काय?"

"मले पाळीच्या आधी चार-पाच दिवस काही तरी होते. म्हंजे मी मीच नसते. अंधार होते डोक्यात. कोनी बोललं तरी रडू येते. पाळी आली का सगळं साफ. लग्नानंतर पाळणा लांबवाच्या गोळ्या घेतल्या, तवा तर महिनाभर तसंच राह्यलं. मंग सोडून देल्या. अन् माह्या आईले गळ्याचा थायरॉइड हाय. हे तुमच्या कामाचं हाय का नाई?"

कामाचं होतं. मी डॉक्टर नाही, पण प्रशिक्षणातच सांगितलं होतं की शरीरातले हार्मोन वरखाली झाले की काही बायांचं मन जास्त हलतं, आणि बाळंतपणाइतका मोठा चढउतार दुसरा नाही. प्रश्नावलीत मात्र यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. शेवटी एक शेऱ्याचा रकाना होता. मी त्यात तिनं सांगितलं ते सगळं लिहिलं.

चार दिवसांनी आमच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. आमच्या कामावर देखरेख करणारी ही डॉक्टर मुलगी, पुण्याकडची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान.

"ताई, तुमच्या एका फॉर्ममध्ये शेऱ्यात खूप मोठी माहिती आहे."

मला वाटलं आता शाबासकी मिळेल. "हो मॅडम, त्या बाईला पाळीच्या आधी..."

"ते मी वाचलं. पण असं लिहू नका. शेऱ्यातल्या मजकुराचं विश्लेषण होत नाही. फक्त नमुना खराब झाला, बाई आली नाही, एवढंच तिथे लिहायचं."

"पण मॅडम, ही माहिती महत्त्वाची नाही का?"

"असेलही. पण आपण अभ्यास मध्येच बदलू शकत नाही ना."

आठव्या महिन्याचं रक्त घेतलं त्या दिवशी केंद्रावर वीज गेली. रक्त फिरवायचं मशीन बंद. इन्व्हर्टरवर लसींचा फ्रीज चालू ठेवायचा होता, तो मला मिळेना, आणि बरोबरच होतं ते. तीन तास गेले. नमुना खराब म्हणून परत आला. मी पुन्हा रक्त घ्यायला तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, अंगणात नवऱ्यानं स्वतः केलेला लोखंडी झोका. ती झोक्यावर बसली होती, पाय सुजलेले.

हात पुढे करून ती म्हणाली, "तिसऱ्यांदा घेऊन राह्यले तुमी. आता तरी सांगा, माह्यं काय निंघालं?"

मी खरं सांगितलं. "काही निघालं नाही, कारण अजून तपासलंच नाही. सगळ्या बायांचं रक्त गोठवून ठेवतात. शेवटच्या बाईची शेवटची भेट झाली की मग सगळं एकदम तपासणार."

"कधी?"

"दीड-दोन वर्षांनी."

"मंग मले काय फायदा?"

"तुला नाही. पुढच्या बायांना."

"म्हंजे मले काही होनार असंन तर ते तुमच्या फ्रीझरले माहीत राहीन, मले नाई." ती हसून म्हणाली हे. मलाही हसू आलं, आणि मी दंडाचा पट्टा सोडला.

मी तिथेच तिला म्हणू शकले असते, की बुलढाण्याला जा, थायरॉइड तपासून घे, सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी कागद मिळतो. माझ्या जुन्याच लॅबमध्ये करून दिलं असतं. पण मॅडमनी बजावलं होतं, की आपण बायांना सल्ला द्यायला लागलो, कुणी उपचार सुरू केले, तर अभ्यासाचे निष्कर्ष बिघडतात. काही त्रास दिसला तर फक्त एवढंच म्हणायचं, की आरोग्य केंद्रात दाखवा. मी म्हटलं, "काही वाटलं तर केंद्रात दाखव हं." ती म्हणाली, "हाव." केंद्रात थायरॉइडची तपासणी होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिला मुलगी झाली. बाळंतपण सरळ झालं, दोघी तिसऱ्या दिवशी घरी आल्या. मी टॅबलेटवर तारीख टाकली, टॅबलेटनं बेचाळिसावा दिवस काढून दिला.

चोविसाव्या दिवशी दुपारी मला फोन आला. संमतीच्या कागदावर माझा नंबर होता, त्यावरून सासूनं लावला होता.

"बेटा, तू आ सकती क्या? बहू ठीक नहीं है."

"काय होतंय खाला? ताप आहे का?"

"बुखार नहीं. सोती नहीं. बच्ची को दूध पिलाती, पर देखती नहीं उसकी तरफ. बात करो तो जवाब नहीं."

आणि मी काय बोलले ते मी इथे जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "खाला, माझी भेट बेचाळिसाव्या दिवशी आहे."

"बेटा, उतने दिन में तो कुछ का कुछ हो जाएगा."

"तोवर केंद्रात दाखवून घ्या."

फोन ठेवला आणि मी मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, भेट आधी घेतली तर ती धरली जात नाही, केंद्रात पाठवा, तुम्ही सांगितलंत ते बरोबर सांगितलंत. बरोबर सांगितलं, या शब्दांवर मी दोन दिवस काढले. जिनं स्वतः सात महिने दाराची कडी पाहिली, तिनं. पुढची सगळी चीड नंतरची आहे, आधी ही आहे.

तिसऱ्या दिवशी मी टॅबलेट घरी ठेवला आणि सकाळच्या बसनं गेले.

ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मुलगी मांडीवर, तिचा हात मुलीखाली होता, पण पिशवी धरावी तसा. केस विंचरलेले होते, कपडे धुतलेले होते. कुणीतरी तिला नीटनेटकं ठेवत होतं. मी जवळ बसले. बऱ्याच वेळानं ती बोलली.

"ताई, ही कोनाची तरी पोरगी मले सांभाळाले देल्यावानी वाटते. तिची माय येईन अन् घेऊन जाईन."

"झोप लागते का?"

"नाई. डोळे मिटले का धास्ती वाटते." मग तितक्याच शांतपणे, जसं भाजी काय केली ते सांगावं, "मी नसली तर हिचं चांगलं होईन. अम्मी सांभाळतीन. अम्मी चांगल्या हायत."

मी बाहेर आले. सासू उंबऱ्याबाहेर, दाराला पाठ लावून बसल्या होत्या. अंगणात त्यांनी स्वतःची सतरंजी टाकली होती. मला कळलं ते हे, की गेले नऊ दिवस त्या इथेच बसून होत्या. मुलगा दुपारी दुकान बंद करून दोन तास येऊन बसायचा, तेवढीच त्यांची झोप. घरातलं फिनाइल, उंदराचं औषध, सगळं त्यांनी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं होतं. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

"मैं तो पहलेच समझ गई थी," त्या म्हणाल्या. "छटवें महीने से. सुबह तीन बजे उठ के बैठती थी. एकच बर्तन घिसते रहती थी. नमक का अंदाजा चला गया उसका, हाथ का इतना अच्छा अंदाजा था. मेरी छोटी बहन का ऐसाच हुआ था जचकी के बाद. वो नहीं बची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उस दिन बताना था तेरे को. तूने बाहर भेज दिया."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. घरातल्या कुणाला आधी असं झालं होतं का, हाही एक प्रश्न आमच्या टॅबलेटवर होता, पण तो सुनेलाच विचारायचा आणि सुनेला सासरच्या मावशीचं काय माहीत, आणि तशी ती तिच्या रक्ताची नव्हतीच. पण सून तीनला उठते, हे पाहणारं माणूस तर हेच होतं. मी ज्यांना अडचण म्हणून बाहेर घालवलं, त्याच माणसाला सगळं माहीत होतं.

मी तिच्या नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. त्याला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तो हातमोजे काढत म्हणाला, "मले वाटलं थकवा असंन. चाला, आत्ताच चाला." बुलढाण्याला जायला रिक्षा केली. ती, मुलगी, सासू, मी. तो मोटरसायकलवर मागे.

आधी एका दवाखान्यात गेलो. तिथे चिठ्ठी काढणाऱ्यानं भर रांगेत मोठ्यानं विचारलं, "पेशंटले काय झालं?" मी खिडकीत डोकं घालून हळू सांगितलं. तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "डोक्याचं हाय का?" रांगेतली सगळी तोंडं वळली. बाळंतपणाच्या विभागात म्हणाले, हे आमच्याकडे नाही, मनाच्या डॉक्टरांकडे जा. मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत होते, आणि तो दिवस कालच होऊन गेला होता. औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, न मागता. त्या हातात घेऊन मी त्या आवारात उभी राहिले आणि मला वाटलं, आता मी ओरडणार. सासू म्हणाल्या, "बेटा, गुस्सा बाद में. पहले दूसरी जगह देख."

दुसरी जागा म्हणजे एक खासगी मानसोपचार डॉक्टर, पन्नाशीच्या बाई. त्यांचे रिपोर्ट माझ्या जुन्या लॅबकडून जायचे, तेवढीच ओळख. त्यांच्या मदतनीसानं दुपारचं दार लावायला घेतलं होतं. मी हात घातला दारात. डॉक्टर बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि आपला जेवणाचा डबा पुन्हा झाकून ठेवला.

त्या तिच्याशी एकटीशी बोलल्या, आणि नंतर सासूशीही बोलल्या, तितकाच वेळ. मग मला विचारलं, "तपासण्या?"

मी तिथेच रक्त काढलं. संध्याकाळच्या आत जुन्या लॅबमधून कागद आणला. रक्त कमी होतं, आणि थायरॉइड चांगलाच बिघडलेला होता.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "हे सगळं थायरॉइडमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण याची भर आहेच. कधीपासून बिघडलंय, ते आज कळणार नाही. गरोदरपणातलं रक्त तपासलेलं असतं तर कळलं असतं."

"गरोदरपणातलं रक्त आहे," मी म्हटलं.

"कुठे?"

"फ्रीझरमध्ये. मीच काढलंय. दोन नमुने."

"मग तपासलं का नाही?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "पाळीच्या आधी त्रास व्हायचा का, गोळ्यांनी मन बिघडलं होतं का, आईला थायरॉइड आहे का, हे कुणी विचारलं होतं हिला?"

"विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलं होतं."

त्या कागद ओढून औषधं लिहायला लागल्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालणारी, एक-एक समजावून. नवऱ्याला म्हणाल्या, "दोन-तीन आठवडे लगेच फरक दिसणार नाही. तोवर हिला एकटी ठेवायची नाही. आणि रोज चार तास तरी सलग झोप. दोन वेळचं पाजणं वरच्या दुधावर न्या, आकाश कोसळत नाही." दिवसाआड फोन करा, आणि मरणाचं बोलली तर वेळ न पाहता या, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

फरक पडला, पण सरळ रेषेत नाही. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात ती झोपायला लागली. मग दोन दिवस पुन्हा वाईट. मग एका सकाळी सासूंचा फोन, इतक्या खुशीत की मला आधी शब्दच कळेनात. ती त्यांच्यावर चिडली होती. वरणात मीठ जास्त झालं म्हणून चिडली होती.

बेचाळिसाव्या दिवशी मी टॅबलेट घेऊन गेले. दहा प्रश्न विचारले. तिनं खरी उत्तरं दिली, गुण बरेच निघाले, पण पंधरा दिवसांपूर्वी निघाले असते त्याच्या निम्मे. उपचार सुरू आहेत का, या रकान्यात मी हो लिहिलं.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. "ताई, ही केस बाद करावी लागेल."

"बाद म्हणजे?"

"भेटीच्या आधीच उपचार सुरू झाले. म्हणजे आजार नियमाप्रमाणे नोंदला गेला नाही. विश्लेषणात घेता येणार नाही."

"मॅडम, तिला आजार झाला. गरोदरपणात खुणा होत्या. रक्त आपल्याकडे आहे. आपण जी बाई शोधतोय ती हीच आहे."

"मला कळतंय."

"मग तिलाच बाद करायचं?"

"मलाही वाईट वाटतं, ताई. पण प्रोटोकॉल मी नाही लिहिला." मग हळू आवाजात, "आणि तुमच्याविरुद्ध एक पत्र निघेल. मी ते सौम्य लिहायचा प्रयत्न केलाय."

मी विचारलं, निदान तिचे ते दोन नमुने तपासून कागद द्याल का? तिच्या डॉक्टरांना उपयोग होईल. त्या म्हणाल्या, वर विचारते. मी दोनदा ईमेल केला. पहिल्याला उत्तर आलं की विनंती नोंदवून घेतली आहे. दुसऱ्याला उत्तर आलं नाही. माझं कंत्राट संपलं, पुढे वाढवलं नाही. मॅडम स्वतः दुसरीकडे गेल्याचं नंतर कळलं. त्या वाईट नव्हत्या. वाईट माणूस एकही सापडत नाही या सगळ्यात, हाच मला जास्त त्रास देतो. सापडला असता तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते.

असा अभ्यास नको, असं मी म्हणत नाही. एक दिवस रक्ताच्या थेंबावरून सांगता येईलही, की या बाईला जप, हिच्यावर लक्ष ठेव. मला ते हवं आहे, माझ्यासाठी उशिरा का होईना. पण तोवर जे तोंडानं सांगता येतं, जे सासूला दिसतं, जे साध्या तपासणीत आज संध्याकाळी कळतं, ते ऐकायला कुणाची ना आहे? हा प्रश्न मी मनातल्या मनात त्या मॅडमना, त्या खिडकीवरच्या माणसाला आणि टॅबलेट हातात धरलेल्या मला आजही विचारत असते.

आता मी पुन्हा जुन्या लॅबमध्ये आहे. ती पोरगी बरी आहे. औषधं हळूहळू कमी केली, थायरॉइडची गोळी चालू आहे. मुलगी दीड वर्षाची झाली, कुणाच्याही पायाला जाऊन बिलगते. फार्मसीचं अजून जमलेलं नाही, पण ती गावातल्या मेडिकलवर दुपारी बसते. दुसरं मूल कधी हवं असेल तर आधी कुठल्या तपासण्या, कोणाला फोन, हे तिनं एका वहीत लिहून ठेवलंय. मला दाखवायला आणली होती. माझ्या अक्षरापेक्षा चांगलं अक्षर.

लॅबमध्ये गरोदर बाई आली की मी पट्टा बांधताना दोन-चार गोष्टी विचारते. पाळीच्या आधी कसं वाटायचं, झोप कशी आहे, आधीच्या बाळंतपणात काय झालं होतं. सोबत कुणी असेल तर त्यालाही विचारते, वेगळं. काही खटकलं तर चिठ्ठीवर डॉक्टर बाईंचा नंबर लिहून देते. मालकाला आवडत नाही. मागच्या आठवड्यात तो काउंटरवरून म्हणाला, "ताई, रांग लागली आहे. आपण रक्त काढतो, मुलाखती घेत नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, बाहेर खरंच आठ-दहा माणसं उभी होती. माझ्यासमोर देऊळघाटच्या सासूबाईंनीच पाठवलेली त्यांच्या गल्लीतली एक सून बसली होती, पाचवा महिना, बाही वर केलेली. ती बोलता बोलता थांबली आणि मालकाकडे पाहायला लागली.

मी तिला म्हटलं, "त्याच्याकडे नको पाहू. तू सांग."